'विलंबित परिणाम' वाचून माणसं विचारतात, अळी उशिरा मरते का?

दिग्रसची लेक (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी तीन आठवडे अडले आहे. जरा लांबण लावते, कारण मागचापुढचा संदर्भ न सांगता विचारलं तेव्हा मला दोन जाणकारांनी फटकन शब्द दिले आणि दोन्ही कामाचे निघाले नाहीत.

मी आरोग्याचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते. राहते पुण्यात, माहेर दिग्रसचं. सध्या हातात बत्तीस पानांची पुस्तिका आहे, कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी. तोंडाला काय बांधायचं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, पंपाचं नोझल तुंबलं तर तोंडाने का फुंकायचं नाही, इथपर्यंत गाडी व्यवस्थित चालली होती. चौदाव्या पानावर शीर्षक आलं: 'डिलेड इफेक्ट्स'. मी लिहिलं 'औषधाचे विलंबित परिणाम'. संपादकांनी ते खोडून 'दूरगामी परिणाम' केलं. मी भांडले. मग 'दीर्घकालीन परिणाम' आलं. पुन्हा भांडले. शेवटी 'विलंबित'च राहू दे, गावात वाचून बघू, असं ठरलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शाळेच्या व्हरांड्यात अकरा जण बसले होते, त्यात चार बाया. एक तरुण मोठ्याने वाचत होता. 'विलंबित'ला तो जरा अडखळला, पण वाचलं बरोबर. मी विचारलं, काय समजलं? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक काका म्हणाले, "म्हणजे हे औषध मारलं त अळी उशिरा मरते का?"

कोणी हसलं नाही. बाकीच्यांनाही तेच वाटलं होतं. आणि का वाटू नये? आपल्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात, त्यामुळे औषधाचा परिणाम व्हायचा तो अळीवर! माझ्या डोक्यात माणूस होता, त्यांच्या डोक्यात बोंडअळी.

'औषधाचे' काढून 'विषबाधेचे' केलं, पुन्हा वाचून घेतलं. आता माझ्या आईच्या वयाची एक बाई म्हणाली, "उशिरा होते म्हंजे आज त काही होत नायी ना?" आणि तिचा चेहरा चक्क मोकळा झाला. माझ्या पोटात गोळा आला. सावध करायला लिहिलेल्या पानाने तिला धीर दिला होता.

तर प्रश्न असा. अपाय आज झाला पण तो जाणवणार काही आठवड्यांनी, याला बोलीत रुळलेला शब्द कोणता? कोशातला नकोय, कोश माझ्याकडे आहेत. आणि 'विलंबित' या शब्दात नेमकं कुठे पाणी मुरतंय, हेही कुणी सांगितलं तर बरं.

---

शब्दखोर

संपादक चुकले, तुम्ही बरोबर, आणि तरीही तुमचा शब्द पडला. मजा आहे.

दूरगामी म्हणजे लांबवर पोचणारा: एका निर्णयाचा दहा गावांवर, दोन पिढ्यांवर. तो आज सुरू होऊ शकतो. दीर्घकालीन म्हणजे बराच काळ टिकणारा. तोही आज सुरू होऊ शकतो, आजचा खोकला वर्षभर टिकला तर दीर्घकालीन. तुम्हाला हवाय तो सुरुवातच मागाहून होणारा. वर्तमानपत्रांनी या तिघांची इतकी सरमिसळ केलीय की कुठलाही वाईट परिणाम दूरगामीच असतो, अशी आता समजूत आहे.

आता 'विलंबित'. मूळ धातू लम्ब्, म्हणजे लोंबणे, टांगून असणे. त्याच घरातले लांब, लोंबणे, अवलंबून, गवंड्याचा ओळंबा. कोर्टातला 'प्रलंबित' खटलाही तसाच टांगलेला. तेव्हा विलंबित म्हणजे व्युत्पत्तीने 'लोंबकळत राहिलेलं', पण आजच्या माणसाला विलंब भेटतो कुठे? वीजबिलावर, 'विलंब आकार' म्हणून. तिथे विलंब म्हणजे कुणीतरी वेळ चुकवली. मग विलंबित परिणाम म्हणजे वेळ चुकवलेला, अजून न आलेला परिणाम. न आलेल्याची भीती कोण बाळगतं? तुमच्या त्या बाईंनी शब्द चुकीचा वाचलेला नाही. त्यांनी फार नीट वाचला.

---

मंत्रालयातून निवृत्त

'कालांतराने उद्भवू शकणारे संभाव्य अनिष्ट परिणाम' असे करावे. त्यात सर्व काही येते.

---

दिग्रसची लेक

काका, सर्व काही येतं हे खरंच. फक्त ते येईपर्यंत वाचणारा पान उलटून पुढे जातो. (रागावू नका. 'कालांतराने' मी मजकुरात एके ठिकाणी वापरलाय, पण त्यात दहा दिवसही बसतात आणि दहा वर्षंही.)

---

बारा मात्रा

विषय माझा नाही, पण शब्द माझा आहे म्हणून मध्ये बोलतो. तीस वर्षं तबला वाजवतोय.

आमच्याकडे विलंबित, मध्य, द्रुत या तीन लयी. विलंबित एकताल अतिविलंबित धरला, तर एका आवर्तनाला मिनिटभरही सहज जातं. नवा श्रोता मान डोलवायची म्हणून वाट बघतो आणि मध्येच कंटाळतो. पण विलंबितात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, उशिरा येत नाही. ती वेळेवरच येते. दोन समांमधलं अंतर मोठं असतं, इतकंच. आणि गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला ती येणार हे पहिल्या मात्रेपासून ठाऊक असतं. ठेका चालू असतो ना!

म्हणजे तुम्हाला हवा असलेला अर्थ आमच्या विलंबितात आहे, वीजबिलाच्या विलंबात नाही. दुर्दैव असं की व्हरांड्यात बसलेल्या अकरा जणांकडे बिल येतं, ख्याल येत नाही.

---

दिग्रसची लेक

हे फार आवडलं. 'सम उशिरा येत नाही.' मी वहीत लिहून ठेवलं. पुस्तिकेत नाही घालू शकत, पण माझ्या डोक्यातला गुंता सुटतोय. म्हणजे माझी चूक 'परिणाम उशिरा होतो' असं लिहिण्यात आहे का? होतो आत्ताच, दिसतो उशिरा?

---

रात्रपाळी

डॉक्टर आहे, ग्रामीण रुग्णालयात, कापसाच्याच पट्ट्यात. ड्यूटी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं धरून सांगतो, कारण तुमच्या चौदाव्या पानावर बहुतेक तीच असणार. तीन टप्पे असतात आणि लोकांच्या मनात एकच असतो.

पहिला सगळ्यांना माहीत आहे. काही मिनिटांत, काही तासांत. दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छाती भरून येणं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिला तो विषबाधेचा हा लगेच दिसणारा चेहरा. यावर अॅट्रोपीन हे उताऱ्याचं औषध असतं, ते द्यायचं आम्हाला अंगवळणी पडलंय.

दुसरा साधारण २४ ते ९६ तासांनी. माणूस सुधारलाय, घाम थांबलाय, नातेवाईक डबा आणतायत, घरी कधी सोडता विचारतायत. आणि त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. मानेचे, दंडांचे आणि श्वासाचे स्नायू थकतात. सुधारला म्हणून लक्ष हटलं, की हा टप्पा गाठतो. म्हणून मी राउंडला प्रत्येकाला म्हणतो, "डोकं उचलून दाखव बरं." नातेवाइकांना वाटतं डॉक्टर कवायत घेतोय.

तिसरा तुमचा. एक ते तीन आठवड्यांनी. सगळ्या औषधांनी होत नाही, त्या गटातल्या काहींनीच होतो, आणि बहुतेक वेळा मोठी बाधा झालेल्यांना. आधी पोटऱ्यांत गोळे येतात, दुखतात. मग तळपायाला मुंग्या, बधिरपणा. मग पाऊल उचलत नाही, पुढून लोंबतं, चालताना फटक फटक आपटतं. पुढे हातांतही येऊ शकतं. पाय आधी का? कारण शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायाला जातात आणि त्यांची टोकं आधी झिजतात. याच्या इंग्रजी नावातच डिलेड आहे, डिलेड न्यूरोपथी (न्यूरोपथी म्हणजे नसांचा आजार). पण नसांमधल्या एका एन्झाइमला विष चिकटतं ते पहिल्या काही तासांतच. तीन आठवडे उशीर होतो तो नस मरायला, विष लागायला नाही. आणि अॅट्रोपीनने पहिला टप्पा सावरला तरी हा तिसरा टळत नाही.

जगाला हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कळलं ते शेतीतून नाही, दारूतून. अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा लोक आल्याचा अर्क औषध म्हणून विकत घेऊन नशेसाठी प्यायचे. १९३० साली त्यात एक औद्योगिक रसायन भेसळ झालं, त्याच फॉस्फेटच्या खानदानातलं. हजारो माणसांचे पाय गेले. पिताना काही नाही, त्या रात्री काही नाही. नंतर पोटऱ्या दुखल्या आणि मग चाल बिघडली. आधी कुणाला दोन गोष्टींचा संबंधच लागेना.

हीच आमची रोजची अडचण. माणूस तीन आठवड्यांनी येतो तेव्हा फवारणीचं नावही काढत नाही. म्हणतो, वात आलाय, थंडी बाधली, चपला पायातून निसटतायत. मी विचारलं तर आठवतो. आठवतो तेही पंप भाड्याचा होता म्हणून.

---

दिग्रसची लेक

चपला पायातून निसटतायत. डॉक्टर, हे तुम्ही उत्तराच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, पण मला वाटतं माझं पान चौदा तिथंच आहे.

---

काढेवाला

सगळे इंग्रजीकडून मराठीकडे येतायत म्हणून आठवण करून देतो. आपल्या शास्त्रात यासाठी तयार नाव आहे: दूषीविष. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आहे. प्राण्याचं असो, वनस्पतीचं असो की बनवलेलं, जे विष शरीरातून पुरतं निघालं नाही, किंवा उतार्‍याने अर्धमेलं झालं, ते कमी वीर्याचं, म्हणजे कमी ताकदीचं, असल्यामुळे माणसाला मारत नाही. कफाने वेढलं जाऊन वर्षानुवर्षं आत राहतं. सुश्रुताचा शब्द 'वर्षगणानुबन्धि'. पुढे थंड वारा सुटला, आभाळ भरून आलं की उसळतं. डॉक्टरसाहेबांची नस आणि सुश्रुताचा कफ एक नव्हेत, मी तसा दावा करत नाही. पण 'विष आजचं, त्रास उद्याचा' हे त्यांनी वेगळं काढून त्याला नाव दिलं होतं.

आणखी एक. शब्दखोरांनी 'विलंबित' सोलला, 'परिणाम' तसाच ठेवला. परिणाम म्हणजे मुळात पिकणं, पालटणं. चरक रोगाची तीन कारणं सांगतो त्यात तिसरं 'परिणाम', आणि तिथे त्याचा अर्थ चक्क काळ असा आहे. जेवण पचत आलं की उठणाऱ्या पोटदुखीला परिणामशूल म्हणतात. जेवताना नाही, जेवल्यावर लगेच नाही, पचताना. म्हणजे जुन्या अर्थाने परिणामात थांबणं आलंच. 'विलंबित परिणाम' हे 'पिवळा पीतांबर' झालं.

---

शब्दखोर

काढेवाले, दंडवत. पिवळा पीतांबर मान्य. पण आज 'परिणाम' म्हणजे नुसतं इफेक्ट झालंय, ते परत पिकवता यायचं नाही. आणि दूषीविष वाचून गावातला माणूस विचारणार, दूषित विष म्हणजे काय? भेसळीचं औषध का? पुन्हा अळीवरच गाडी येणार.

---

दिग्रसची लेक

शब्दखोर, तंतोतंत. भेसळीच्या औषधाचा विषय तिथे इतका जिव्हाळ्याचा आहे की दूषीविष म्हटलं तर दुकानदाराच्या नावाने अर्धा तास बोलतील.

पण वैद्यबुवा, 'उसळतं' हे क्रियापद मात्र ठेवून घेते. आता लक्षात येतंय की माझी आई हे सगळं नामाने कधी बोललीच नाही. वडील एकदा बैलगाडीवरून पडले होते, कुठे खरचटलंही नव्हतं. आई म्हणायची, मुका मार आहे, थंडीत बोलेल. आणि खरंच, पुढची किती तरी वर्षं डिसेंबर आला की खांदा 'बोलायचा'. मार मुका, आणि मागाहून तो बोलतो! हे इंग्रजीत कसं नेणार, कुणी सांगा. (नेऊ नका. असंच राहू दे.)

तसंच बाधणं, भोवणं, अंगाशी येणं, उपटणं, डोकं वर काढणं. सगळी क्रियापदं, आणि सगळ्यांत आधी काहीतरी घडून गेलेलं आहे हे गृहीत. 'भोवलं' म्हटलं की कधीतरी काहीतरी केलं होतं हे आलंच. मी इंग्रजीच्या मागे लागून नाम शोधत बसले.

---

वावरातला

ताई तुम्ही दिग्रसच्या म्हणून लिहितो, नाहीतर मी इथं नुसता वाचतो. आठ एकर कपाशी आहे, आर्णीकडे.

तुमच्या व्हरांड्यातल्या काकाचं काही चुकलं नाही. दुकानात आम्ही हेच विचारतो, लवकर लागते का उशिरा. 'लागणे' हा शब्द अळीसाठी आहे. माणसासाठी आमच्याकडे 'बाधते' म्हणतात. 'त्याले फवारा बाधला.' माझा बाप म्हणे, "फवारा मांगून निंगते." मागून निघते. म्हणजे त्या दिवशी माणूस खाऊनपिऊन झोपते, अन् मंग निंगते. आता हे सगळीकडेच म्हणत असतील असं मी सांगत नाही, आमच्या घरी म्हणत.

दुसरं असं की तुम्ही लिहिलं 'आठवड्यांनी'. मजुराले आठवडा म्हणजे बाजार. चार बाजार झाले त्याले समजते, तीन आठवडे म्हटलं त तो बोटं मोजते. पण त्याच्याहून पक्कं सण समजते. आमची मोठी फवारणी पोळ्याच्या आगंमागंच राहते. तर असं लिहा, पोळ्याले फवारलं त सर्वपित्रीपर्यंत पायाकडे ध्यान द्या. अमावस्या ते अमावस्या, महिना भरला. हे बायकाही विसरत नाहीत, कारण दोन्ही दिवशी पुरणाचं करा लागते.

---

रात्रपाळी

वावा. एक ते तीन आठवडे, वर थोडी सवलत धरून महिना. वैद्यकीयदृष्ट्या एकदम बसतं. मी उद्यापासून डिस्चार्ज कार्ड देताना हेच सांगणार आहे, पुस्तिका छापून येईपर्यंत थांबत नाही. इतर महिन्यांत आलेल्याला पुढची तीच तिथी सांगता येईल.

---

मंत्रालयातून निवृत्त

सणांचा उल्लेख शासकीय पुस्तिकेत करताना सर्वधर्मीय वाचकांचा विचार व्हावा. फवारणी सर्वच करतात.

---

दिग्रसची लेक

काका, ही सूचना मात्र खरोखर कामाची आहे, मनापासून धन्यवाद. त्या अकरांत दोघे मुसलमान होते. पण पोळा गावात सगळ्यांनाच ठाऊक असतो, बैल सगळ्यांचे. सर्वपित्रीचं तसं नाही. म्हणून दोन्ही लिहिते: 'पोळ्याला फवारलं तर सर्वपित्रीपर्यंत, म्हणजे चार बाजार होईपर्यंत'. पुस्तिका शासकीय नाही, एका लहान संस्थेची आहे, पण मुद्दा तोच.

आता पान असं झालंय. शीर्षकातून 'परिणाम' गेला, 'विलंबित' गेला, 'औषध'ही गेलं. वर फक्त:

फवारा मागून निघतो

आणि खाली:

'त्या दिवशी बरं वाटलं, दवाखान्यातून घरी आलात, म्हणून विष गेलं असं समजू नका. ते आत लागलेलं असतं, दिसतं नंतर. पोळ्याला फवारलं तर सर्वपित्रीपर्यंत, म्हणजे चार बाजार होईपर्यंत पायाकडे लक्ष द्या. पोटऱ्यांत गोळे आले, तळपायाला मुंग्या आल्या, चालताना चपला निसटू लागल्या, तर दवाखान्यात जा आणि सांगा, मी फवारणी केली होती.'

शेवटचं वाक्य डॉक्टरांसाठी. 'सांगा' ठळक करते.

काल फोनवर शीर्षक त्याच व्हरांड्यातल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, निंगतेच तो." मग गप्प झाल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या दिराचा पाय असाच गेला होता, लोक म्हणायचे करणी केली. मी पुढे काही विचारलं नाही. फोनवर विचारायची गोष्ट नव्हती ती, आणि कशाने गेला हे मी कोण सांगणार.

संपादकांना पाठवलंय. त्यांचं एवढंच उत्तर आलं, की 'फवारा निघतो' हे व्याकरणाला धरून नाही, पंपातून निघतो असा अर्थ होईल.

---

शब्दखोर

संपादकांना सांगा, 'मुका मार बोलतो' हेही मग बरोबर नाही, मुका कसा बोलेल?

गंमत सोडा. त्यांची शंका पुण्यात खरी आहे, आर्णीत नाही. पुस्तिका कुठे वाटणार? तिथलं व्याकरण लावा. फारच अडले तर 'फवाऱ्याचं विष मागून निघतं' करा. एक शब्द वाढेल, ठसका थोडा कमी होईल, पण पंप सुटेल.

---

वावरातला

फवारा मागून निघते. 'निघतो' नाही, आमच्याकडे निघते. पण चालते, समजून घेऊ. 'फवाऱ्याचं विष' हेच ठेवा, नवीन पोराले तेच समजंल.

---

दिग्रसची लेक

ठरलं. 'फवाऱ्याचं विष मागून निघतं.' अडलेले तीन आठवडे संपले, म्हणजे माझंही मागूनच निघालं म्हणायचं.

चित्रकार मुलीला पानाच्या कोपऱ्यात पायातून निसटलेली चप्पल काढायला सांगितलीय. ती विचारतेय, डाव्या पायाची काढू की उजव्या?

---

रात्रपाळी

दोन्ही पायांच्या. यात दोन्ही पाय सारखेच जातात. एकाच पायाची चप्पल निसटत असेल तर तो बहुतेक दुसरा आजार, त्याचं पान वेगळं.